आधी टायर, मग पत्रा. दिवे सर्वांत शेवटी

गेल्या काही वर्षांत मोटारसायकलच्या बाजारात एका नव्या प्रकाराने पाय रोवले आहेत. कंपन्या त्याला ‘अ‍ॅडव्हेंचर’ गाडी म्हणतात. २०१६ साली रॉयल एनफिल्डची हिमालयन आली, २०१९ साली हिरोची एक्सपल्स २००, २०२० साली आपल्याच चाकणच्या कारखान्यात तयार होणारी केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर, २०२१ साली होंडाची सीबी२००एक्स आणि २०२२ साली सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स. गाडी आली की तिच्यामागे काम येते आणि कामामागे रोजी. हे काम नाचणगाव-पुलगावसारख्या ठिकाणच्या फिटर, वेल्डर, लेथवाले आणि गादीवाले बंधूंनी आपल्याकडे ओढावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र ते कसे घ्यावे, याचाही विचार व्हायला हवा.

पहिली गोष्ट ही की, नावावर जाऊ नये. अ‍ॅडव्हेंचर म्हटलेली प्रत्येक गाडी रानात चालण्यासाठी केलेली नसते. एक्सपल्स आणि हिमालयन यांचे पुढचे चाक २१ इंचाचे आणि आऱ्यांचे. पोटाखालची उंची २२० मिलिमीटर. २०२०ची ३९० आणि व्ही-स्ट्रॉम यांचे पुढचे चाक १९ इंचाचे, मागचे १७ इंचाचे आणि दोन्ही अलॉयची. सीबी२००एक्सची दोन्ही चाके १७ इंचाची आणि पोटाखाली १६७ मिलिमीटर. म्हणजे या शेवटच्या तीन गाड्या मुळात रस्त्याच्या आहेत. त्यांना रानासाठी तयार करावे लागते, तेही एका मर्यादेपर्यंतच. ही मर्यादा गिऱ्हाइकाला काम घेण्यापूर्वी सांगणे हा कारागिराचा पहिला धर्म होय.

आता आपल्या भागाचा विचार करा. वर्धा जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला, पण त्यावर दुचाकीला परवानगी नाही. दुचाकीला उरतात ते गावरस्ते आणि शेताकडे जाणाऱ्या पांदणी. तिथे काळी कपाशीची माती. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, गाडीची चाकोरी दगडासारखी कडक होते. पावसाळ्यात तीच माती टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी भरते की चाक फिरायचेच थांबते. परदेशातील वाळूसाठी किंवा हिमालयातील खडीसाठी सांगितलेले उपाय इथे जसेच्या तसे चालत नाहीत. आपली माती आपल्या कारागिराला माहीत आहे, आणि हेच त्याचे खरे भांडवल आहे.

परंतु होते काय? गिऱ्हाईक येते ते जादा दिवे, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर आणि मागे लोखंडी पेटी मागत. आपणही दोन पैसे मिळतात म्हणून ते बसवून देतो. गाडी दिसायला रांगडी होते, वजन पंधरा-वीस किलोने वाढते, आणि पहिल्याच पांदणीत दगड लागून इंजिनाचे चेंबर फुटते. शेतात ऑइल सांडलेले पाहून गिऱ्हाईक दोष कोणाला देणार? गाडीला आधी काय हवे आणि नंतर काय, हा क्रम पाळला तर गिऱ्हाइकाचा खर्च कमी होतो आणि कारागिराचे नाव राहते.

क्रमाने पाहू. पहिला मान टायरचा. कंपनीचे गुळगुळीत नक्षीचे टायर काढून त्याच मापाचे, ठळक ठोकळ्यांचे, रस्ता आणि माती दोन्हींसाठीचे टायर घालावेत. माप, वजन पेलण्याची आणि वेगाची खूण कंपनीने दिली तीच किंवा त्याहून वरची असावी. रस्त्यावर २८ ते ३२ पौंड हवा लागत असेल, तर भुसभुशीत मातीत ती २० ते २४वर आणता येते. मात्र डांबरावर येताच पुन्हा भरली पाहिजे. अलॉय चाक असल्यास आणि वाट दगडाची असल्यास हवा फार उतरवू नये, कारण अलॉय वाकते किंवा तडकते. आऱ्यांचे चाक वाकले तर त्याचा आउट काढता येतो. हे काम आपल्याकडचे मिस्त्री पूर्वीपासून करत आले आहेत. ओल्या काळ्या मातीपुढे मात्र कोणताही टायर टिकत नाही. पुढचे मडगार्ड योग्य स्पेसर देऊन थोडे वर घेतले, तर माती अडकणे कमी होते, एवढेच. वर घेतलेले मडगार्ड शॉकअप पूर्ण दबल्यावर कुठे लागत नाही आणि ब्रेकच्या होसला घासत नाही, हे पाहून मगच गाडी सोडावी.

दुसरा मान इंजिनाखालच्या पत्र्याचा. चार मिलिमीटरचे अ‍ॅल्युमिनियम किंवा दोन-तीन मिलिमीटरचे लोखंड पुरते. पत्रा चेसिसला धरावा, इंजिनाला नव्हे. नाहीतर दगडाचा मार थेट चेंबरवर जातो. सांध्याला रबरी बुश, चिखल गळायला भोके, आणि पत्रा न काढता ऑइल सोडता येईल अशी वाट ठेवावी. समोरून येणारा वारा अडवू नये. ज्या हातांनी दुधाच्या कॅनसाठी राजदूतला आणि एम-८०ला स्टँड आणि कॅरिअर करून दिले, त्या हातांना हे जड नाही. एक सावधगिरी मात्र नवी आहे. एप्रिल २०२०पासून बीएस-६चे नियम आले आणि या गाड्यांमध्ये पेट्रोल सोडण्याचे काम इलेक्ट्रॉनिक पेटी करते. गाडीवरच वेल्डिंग केले तर करंट त्या पेटीत जाऊन ती जळू शकते. पत्रा बाहेर तयार करून नटबोल्टने बसवावा. गाडीवर वेल्डिंग टाळताच येत नसेल, तर बॅटरी आणि त्या पेटीचे कनेक्शन आधी सोडवावे.

तिसरे, बसण्याची आणि उभे राहण्याची ठेवण. खराब वाटेवर स्वार फूटरेस्टवर उभा राहतो. त्यासाठी हँडल वीस-तीस मिलिमीटर वर घ्यावे, आणि ते दोन्हीकडे पूर्ण वळवून केबल व होस ताणत नाहीत ना, हे पाहावे. फूटरेस्ट रुंद आणि दातेरी असावेत. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर इतके घट्ट आवळू नयेत की गाडी पडल्यावर ते मोडतील. किंचित फिरतील असे ठेवावेत. हातावर गार्ड असावा. सीटसाठी गादीवाल्याने सपाट, टणक फोम आणि न घसरणारे रेक्झिन वापरावे. लोखंडी पेटीऐवजी जाड ताडपत्रीच्या, दोन्ही बाजूंना खाली लटकणाऱ्या पिशव्या शिवाव्यात: वजन कमी, आणि गाडी पडल्यास पायाला इजाही कमी.

चौथे, शॉकअप. स्वार आणि सामान बसल्यावर शॉकअप आपल्या एकूण चालीच्या साधारण एक-तृतीयांश दबला पाहिजे. त्याची रिंग फिरवायला दहा मिनिटे लागतात, पण हे मोजून देणारे थोडेच. गाडी उंच दिसावी म्हणून लिंक बदलू नये. तिचा तोल आणि स्टँड दोन्ही बिघडतात. पुढची गरारी पंधराऐवजी चौदा दात्यांची केली, तर हळू चालीत सुमारे सात टक्के जोर वाढतो आणि वेग त्या प्रमाणात कमी होतो. ज्याला हवे त्याला हे समजावून द्यावे. धुळीच्या दिवसांत एअर फिल्टर वरचेवर साफ व्हावा. मातीत मागचे एबीएस बंद ठेवण्याची सोय काही गाड्यांत आहे. जिथे नाही तिथे वायर कापून ती करू नये.

दिवे याच्या नंतर. लावायचेच असतील तर रिले आणि फ्यूज घालून, समोरच्याच्या डोळ्यांवर येणार नाहीत असे लावावेत.

आता कायद्याची बाजू. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा अर्थ लावताना, कंपनीने दिलेल्या मूळ रचनेविरुद्ध गाडीत बदल करता येणार नाही, असे म्हटले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले; बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून चेसिस कापणे, इंजिन बदलणे आणि फटाक्यासारखा आवाज करणारा सायलेन्सर ही तीन कामे हात जोडून नाकारावीत. सुटे करून पुन्हा मूळ स्थितीत आणता येईल असेच काम घ्यावे, आणि शंका असल्यास आरटीओमध्ये आधी विचारावे. नाकारलेल्या कामाचे पैसे जातात हे खरे, पण गिऱ्हाईक दंड भरून परत येते तेव्हा त्याहून जास्त जाते.

व्यवहाराविषयी थोडेसे. काम घेण्यापूर्वी अंदाजपत्रक कागदावर लिहून द्यावे. काढलेले भाग गिऱ्हाइकाला परत द्यावेत. दोनशे किलोमीटरनंतर गाडी परत बोलावून सगळे नटबोल्ट विनामूल्य आवळून द्यावेत. सगळी कामे एका दुकानात होत नाहीत. वेल्डर, लेथवाला, गादीवाला आणि फिटर यांनी एकमेकांकडे काम पाठवावे आणि हिशेब चोख ठेवावा.

तयार सामान घरपोच मागवणे आता सोपे झाले आहे. पण पार्सलमधून आलेला पत्रा नाचणगावची पांदण ओळखत नाही आणि ढिला झालेला बोल्ट आवळायलाही येत नाही. हे दोन्ही ज्याला जमते, त्याच्या दुकानी गिऱ्हाईक परत येते. ज्याला हे करावयाचे आहे, त्याने दिव्यांपासून नव्हे, टायरपासून सुरुवात करावी.