लग्नाच्या पंगतीत पत्रावळ हवी

कर्नाटकातल्या जोयड्यात आमच्या कुणबी घरांत पेज अजूनही करवंटीच्या डवल्यानेच वाढतात. अर्धी करवंटी घासून गुळगुळीत करायची, भोकं पाडून बांबूची दांडी घट्ट बसवायची. दांडी तापत नाही, मातीच्या मडक्याला ओरखडा पडत नाही. स्टीलच्या पळीला हे जमत नाही, म्हणून माझ्या चुलीपाशी डवलाच असतो.

पंगतीत मात्र पत्रावळ हरवली. जानेवारीत जोयड्यात कंदमुळांचा मेळा भरतो, कोन आणि मुडली या कंदांना गिऱ्हाईक येतं, त्याचा मला अभिमान आहे. पण तीच मुडली लग्नात चकचकीत, प्लास्टिकचा थर दिलेल्या ताटांत वाढली जाते. कर्नाटकात प्लास्टिकच्या ताटांवर 2016 पासून बंदी आहे, तरी जेवणानंतर उष्टी ताटं रानाकडेला पडतात, आणि हे रान काळी व्याघ्र प्रकल्पाचं आहे. पत्रावळ गुरं खातात, उरली तर कुजून खत होते.

जपानात विजेच्या कुकरशेजारीही भात वाढायला लाकडी शामोजी टिकून आहे. सोय आली म्हणून जुनं टाकावंच लागतं असं नाही.

यंदा घरात कार्य असेल, तर गावातल्या बायकांना महिनाभर आधी पत्रावळी सांगा आणि मजुरीत घासाघीस करू नका.