आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

मित्रांनो, 'अल्टरनेटरचं व्होल्टेज रेग्युलेशन' म्हटलं की आपल्याला काय आठवतं? इलेक्ट्रिकल मशीन्सचं जर्नल! ओपन सर्किट टेस्ट, शॉर्ट सर्किट टेस्ट, सिंक्रोनस इम्पीडन्स... फॉर्म्युल्यात आकडे टाकले की एक टक्केवारी बाहेर पडते. खाली 'रिझल्ट' लिहायचा, सरांची सही घ्यायची, विषय संपला. पण हाच अल्टरनेटर एखाद्या छोट्या विमानाच्या इंजिनावर बसलेला असेल आणि त्याचं व्होल्टेज सारखं वर-खाली होत असेल तर? तिथे टक्केवारीचा काही उपयोग नाही. तिथे लागतं ते निदान. आणि माझं स्पष्ट मत आहे की चार वर्षांत आपल्याला बाकी सगळं शिकवतात, फक्त निदान करायला शिकवत नाहीत.

उदाहरण घेऊ पायपर चेरोकीचं. हे अमेरिकेतलं एका इंजिनाचं छोटं विमान, 1960 च्या दशकापासून बनत आलेलं. त्यातली जुनी विमानं आजही उडतात. बॅटरी 12 व्होल्टची, अल्टरनेटर चालू असताना सिस्टिम साधारण 14 व्होल्टवर. अशा जुन्या विमानात नेहमी दिसणारी तक्रार म्हणजे अँमीटरचा काटा नाचतो आणि पॅनेलचे दिवे मंद-प्रखर होत राहतात. इंजिनाला मॅग्नेटोचं इग्निशन असल्यामुळे इंजिन बंद पडत नाही, हे खरं. पण रात्रीच्या वेळी किंवा ढगात रेडिओ आणि दिवे गेले तर पायलटची काय अवस्था होईल? उलट व्होल्टेज फार चढलं तर बॅटरी उकळते, रेडिओ जळू शकतो. म्हणजे नाचणारा काटा ही काही गंमत नव्हे.

आता बहुतेक जण काय करतात? पहिला संशय रेग्युलेटरवर. तो बदला. काटा नाचतोच आहे? मग अल्टरनेटर बदला. तरी नाचतोच! खिसा रिकामा, आणि आजार जिथल्या तिथे. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

खरी गंमत वायरिंगमध्ये आहे. अल्टरनेटरच्या फील्डला लागणारा करंट बसबारवरून निघतो, सर्किट ब्रेकरमधून, मास्टर स्विचच्या 'अल्टरनेटर' भागातून, ओव्हरव्होल्टेज रिलेमधून रेग्युलेटरकडे येतो आणि तिथून फील्डला जातो. अशा जुन्या रचनेत रेग्युलेटर सिस्टिमचं व्होल्टेज 'बघतो' तेही ह्याच वायरवरून! वाटेतला स्विच जुना झाला, एखाद्या जोडावर गंज चढला, की तिथे थोडा रेझिस्टन्स तयार होतो. समजा तो फक्त 0.25 ओहम आहे आणि फील्डमध्ये 2 अँपिअर जातात. ओहमचा नियम लावा: वाटेतच 0.5 व्होल्ट गेले. रेग्युलेटर 14 व्होल्टला सेट असेल, तर त्याला 14 दिसेपर्यंत बसबार 14.5 वर गेलेला असतो. मग तो फील्ड तोडतो. करंट थांबला की ड्रॉपही गायब, आणि त्याला एकदम खरे 14.5 दिसतात. बसबार 14 च्या खाली येईपर्यंत तो गप्प बसतो. पुन्हा चालू, पुन्हा बंद... झाला काट्याचा नाच सुरू! ह्यात रेग्युलेटरचा काय दोष? बिचाऱ्याला जे दिसलं, त्याप्रमाणे त्याने इमानेइतबारे काम केलं.

हे शोधायला लागतो एक साधा मल्टीमीटर. तोही ओहमच्या रेंजवर नाही, कारण पाव ओहम मीटरच्या लीड्समध्येच हरवून जातो. करंट वाहत असताना व्होल्टेज ड्रॉप मोजायचा. त्यासाठी इंजिनही सुरू करावं लागत नाही. मास्टर स्विच चालू केला की रेग्युलेटरला बॅटरीचे 12 च व्होल्ट दिसतात आणि तो फील्डला पूर्ण करंट सोडतो. मग बसबार ते रेग्युलेटर असा एकूण ड्रॉप घ्या, नंतर ब्रेकर, स्विच, रिले, एकेक जोड असं पुढे सरका. चोर कुठे लपलाय ते मीटरच सांगतो. त्याबरोबर रेग्युलेटरची बॉडी अर्थ, अल्टरनेटरचे ब्रश आणि बेल्टचा ताणही बघायचा. अर्थात विमानाला हात लावायचा अधिकार लायसन्स असलेल्या मेंटेनन्स इंजिनिअरचाच, आपला नाही, आणि ते बरोबरच आहे.

कोणी म्हणेल, "कशाला एवढं डोकं लावायचं? पार्ट बदलला की कधीकधी चालतंच ना!" चालतं, कबूल. पण का चालतं? नवा रेग्युलेटर बसवताना कनेक्टर काढून पुन्हा घातला जातो, थोडा गंज घासला जातो, वायर हलते. बिघाड चार दिवस दडी मारतो आणि श्रेय मिळतं नव्या पार्टला! पाचव्या दिवशी काटा पुन्हा नाचतो, तेव्हा विमान हँगरमध्येच असेल ह्याची गॅरंटी कोण देणार? पार्ट जरूर बदला, पण मोजमापाने त्याच्याकडे बोट दाखवल्यावर.

आता आपल्या लॅबकडे या. तिथलं प्रत्येक मशीन आधीच जोडून, तपासून ठेवलेलं असतं. रीडिंग चुकलं की आपण मागच्या बॅचच्या जर्नलमधून 'बरोबर' रीडिंग उतरवतो! खरं तर ते चुकलेलं रीडिंगच सगळ्यात जास्त शिकवून गेलं असतं. म्हणून माझी एक सूचना आहे. प्रत्येक टर्ममध्ये निदान एक प्रॅक्टिकल 'बिघाडाचं' ठेवा. लॅब असिस्टंटने सर्किटमध्ये कुठेतरी पाव ओहमचा रेझिस्टर लपवावा, एखादा लग सैल करावा. आणि मार्क्स द्यावेत ते उत्तराला नव्हे, तर आधी काय मोजलं, मग काय मोजलं आणि का, ह्याला. वेळ नाही, सिलॅबस मोठा आहे, हे सगळं मान्य. पण ह्याला नवीन मशीन लागत नाही, ग्रँट लागत नाही. एक रेझिस्टर आणि थोडा खट्याळपणा पुरतो!

उद्या आपल्यापैकी कोणी विमानांवर काम करेल, कोणी पॉवर स्टेशनमध्ये, कोणी हॉस्पिटलच्या मशीन्सवर. तिथे बिघाड 'प्रश्न क्र. 3' म्हणून छापून येणार नाही. समोर एक नाचणारा काटा असेल आणि पलीकडे कोणाचा तरी जीव. त्या वेळी हात आधी स्पॅनरकडे जातो की मीटरकडे, ह्यावर आपण कसले इंजिनिअर ते ठरेल. पटतंय का?