जकारांडाची गिटार, कागदाची गिटार

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात चांगल्या नोकरीला आहे. गिटार मनापासून वाजवतो. मध्यंतरी त्याने एका परदेशी कारागिराच्या हाती घडवलेल्या गिटारचं माहितीपत्रक मला पाठवलं आणि विचारलं, "सर, घेऊ का?" कस्टम ड्युटी धरून किंमत चौदा लाखांच्या घरात. मला गिटार वाजवता येत नाही हे त्याला ठाऊक आहे, म्हणजे सल्ला नकोच होता, परवानगी हवी होती. पण मी पडलो भाषेचा मास्तर. निबंध तपासावा तसं मी ते पत्रक तपासलं. चार पानं, त्यातली अडीच पानं लाकडावर. पाठ आणि बाजूच्या फळ्या ब्राझिलियन रोजवूडच्या, वरची फळी आल्प्सच्या डोंगरातल्या स्प्रूसची, बोटांखालची पट्टी आबनूसची. 'दुर्मीळ' हा शब्द अकरा वेळा. घडवणाऱ्याच्या हातांबद्दल दीड ओळ.

हौसेला मोल नाही, असं आपण म्हणतो, आणि ते मला मान्य आहे. कुणी सोन्याच्या दांडीचा चष्मा घालावा, कुणी चौदा लाखांची गिटार घ्यावी. पण सोन्याची दांडी विकणारा 'यातून जास्त स्पष्ट दिसेल' असं सांगू लागला तर त्याला हटकायला नको का? या पत्रकात नेमकं तेच चाललं आहे. दुर्मीळ लाकूड म्हणजे दुर्मीळ आवाज, असं ते ठासून सांगतं. माझं म्हणणं असं की हा पैसा आवाजाचा नाही, दुर्मीळपणाचा आहे. आणि ज्याच्यामुळे आवाज येतो, तो माणूस या व्यवहारात लाकडाच्या मागे झाकला जातो.

आधी लाकडाचं बघू. ब्राझिलियन रोजवूडला त्याच्या देशात जकारांडा म्हणतात. आपल्या शिसवाचा हा सख्खा भाऊबंद, एकाच डाल्बर्जिया कुळातला. ज्यांच्या आजोळी शिसवी पलंग किंवा शिसवी झोपाळा होता त्यांना तो जड, काळसर तपकिरी, रेषारेषांचा पोत डोळ्यांसमोर येईल. जकारांडाची इतकी तोड झाली की साठच्या दशकात ब्राझीलने ओंडक्यांच्या निर्यातीवर निर्बंध आणले. अमेरिकेतल्या मार्टिन या जुन्या कंपनीने १९६९ पासून आपल्या नेहमीच्या गिटारींना भारतातलं शिसव लावायला सुरुवात केली. म्हणजे गेली पन्नासहून अधिक वर्षं जगातल्या कितीतरी नावाजलेल्या गिटारी पश्चिम घाटाच्या जातकुळीच्या लाकडातून बोलताहेत. १९९२ मध्ये साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराने जकारांडाला सर्वांत कडक यादीत टाकलं, व्यापार जवळपास बंद.

आणि इथे बाजाराची करामत पाहा. झाड वाचावं म्हणून बंदी आली, तर बंदीच विक्रीचा मुद्दा झाली. माझ्या विद्यार्थ्याच्या पत्रकात मोठ्या अभिमानाने लिहिलं होतं की हे लाकूड बंदीपूर्वीचं आहे आणि सोबत तसा दाखला मिळेल. झाडाच्या मृत्यूचा दाखला, आणि त्याचेही पैसे.

आता आवाजाचं. गिटारची तार स्वतः फारशी ऐकू येत नाही. तार घोडीला हलवते, घोडी वरची पातळ फळी हलवते, फळी पेटीतली हवा हलवते. आपल्या कानावर येतं ते बहुतांशी त्या फळीचं आणि हवेचं काम. या फळीला सतारवाले तबली म्हणतात. ती कुठे किती पातळ करायची, आतून आधाराच्या काड्या कशा लावायच्या, हे कारागीर बोटाने टकटक करत, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शात ठरवतो. पाठीचं आणि बाजूंचं लाकूड काहीच करत नाही असं मी म्हणत नाही. पण त्याचा वाटा पत्रकातल्या अडीच पानांएवढा नाही.

हे मी सांगण्याची गरजच नाही, आजच्या गिटारचा साचा ज्याने घालून दिला त्यानेच ते सांगून ठेवलं आहे. स्पेनमधला आंतोनियो दे तोरेस हा सुताराच्या हाताखाली शिकलेला माणूस. १८६२ मध्ये त्याने एक गिटार बनवली. वरची फळी चांगल्या स्प्रूसची, पण पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या पुठ्ठ्याच्या. आवाज तबलीत असतो हे त्याला दाखवायचं होतं. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या बॉब टेलर यांनी असाच प्रयोग केला. माल ठेवायला गोदामात ज्या लाकडी चौकटी वापरतात, तशा टाकून दिलेल्या चौकटीच्या ओकपासून त्यांनी गिटारची पाठ आणि बाजू केल्या, वरची फळी बांधकामाच्या साध्या वाशातून काढली आणि बोटांच्या पट्टीवर शिंपल्याने फोर्कलिफ्टचं चित्र जडवलं. माणूस मिस्किल आहे.

"किस्से नकोत, पुरावा द्या," असं म्हणणारेही भेटतात. मग हा घ्या. इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी एकाच कारागिराकडून सहा गिटारी करवून घेतल्या. सगळं सारखं, फक्त पाठ आणि बाजूंचं लाकूड वेगळं. ब्राझिलियन रोजवूड, भारतीय रोजवूड, महोगनी, मेपल, अक्रोड आणि सपेली हे आफ्रिकन लाकूड. बावन्न वादकांना अंधुक खोलीत, वेल्डिंगचे काळे चष्मे लावून त्या वाजवायला दिल्या. २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आला. सहाही गिटारींना जवळपास सारखेच गुण, आणि लाकूड बदललं तरी फरक ओळखणं वादकांना जड गेलं. डोळे झाकले की जकारांडाची ऐट संपते.

आबनूसची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. उर्दूत काळ्याभोर गोष्टीला आबनूसी म्हणतात, आणि बाजारालाही तसंच काळंकुट्ट आबनूस हवं असतं. याच टेलर यांनी २०११ मध्ये कॅमेरूनमध्ये आबनूसची गिरणी भागीदारीत घेतली, तेव्हा त्यांना कळलं की तोडलेल्या दहा झाडांतलं जेमतेम एक पूर्ण काळं निघतं. बाकीच्यांत तपकिरी पट्टे, म्हणून ती जंगलातच कुजायला सोडून देत. लाकूड तेच, टणकपणा तोच, फक्त रंग नापसंत. लग्नाच्या बाजारात गोरेपणा मोजणाऱ्या आपल्या समाजाला हे वेगळं समजावून सांगायला नको. टेलर यांनी पट्टेदार आबनूस वापरायला सुरुवात केली. आवाजाविषयी कुणाची ओरड ऐकली नाही.

उलट बाजूही मांडतो. डाल्बर्जियाची जंगलं प्रामुख्याने गिटारींनी खाल्लेली नाहीत. मुख्य मागणी महागड्या फर्निचरची होती, विशेषतः चीनमध्ये. २०१७ मध्ये साइट्सने या कुळातली सगळी झाडं नियंत्रणाखाली आणली, तेव्हा वाद्यवाल्यांवर कागदपत्रांचा डोंगर कोसळला आणि २०१९ मध्ये तयार वाद्यांना सवलत मिळाली. जकारांडाला मात्र नाही. सवलत योग्यच होती. पण वाद्यवाले सगळे गाय नाहीत. मादागास्करने कच्च्या आबनूसच्या निर्यातीवर २००६ मध्ये बंदी घातलेली असताना गिब्सन कंपनीने तिथलं लाकूड आणवलं. २००९ मध्ये अमेरिकन सरकारने छापा घातला, आणि २०१२ मध्ये कंपनीने तीन लाख डॉलर दंड भरून तडजोड केली. वर आणखी पन्नास हजार डॉलर निसर्गसंवर्धनाच्या संस्थेला. पट्टी काळी हवी, एवढ्याच हट्टापायी हे सगळं.

माझे काही मित्र म्हणतात, "सर, महागडी गिटार विकली गेली तरच कारागीर जगेल." अगदी खरं. पण मग पैसा कारागिरीचा म्हणून मागा ना! शंभर-दोनशे तास हात चालले म्हणून मागा. एकाच कारागिराच्या दोन गिटारी घ्या. मेहनत तीच, हात तेच. पण पाठ जकारांडाची झाली की किंमत कुठल्या कुठे जाते. ही वाढ हाताची की ओंडक्याची?

हे मला इतकं का टोचतं? आपल्याकडे, मिरजेत, नेमकं उलटं चित्र आहे म्हणून. तिथले सतारमेकर पिढ्यान् पिढ्या सतारी आणि तंबोरे घडवताहेत. त्यांतले बहुतेक मुसलमान, मूळचे शिकलगार, तलवारींना धार लावणारे. हत्यारांचं काम सरलं तसे ते वाद्यांकडे वळले. तंबोऱ्याची सामग्री काय? पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा वाळवलेला कडू भोपळा आणि तुणीचं लाकूड. यातलं काहीही दुर्मीळ नाही. भोपळा तर शेतात पिकतो. पण घोडीवर कानस फिरवून जवारी लावणारा माणूस तार छेडतो, ऐकतो, केसभर घासतो, पुन्हा ऐकतो, आणि तंबोरा गाऊ लागतो. मोठमोठ्या गवय्यांच्या मागे हेच तंबोरे उभे आहेत. चौदा लाखांत असे वीस-पंचवीस उत्तम तंबोरे येतील. भाव करताना गिऱ्हाईक म्हणतं, "भोपळाच तर आहे!"

उर्दूच्या तासाला मी मुलांना एक शब्द नेहमी सांगतो. ऊद म्हणजे अरबीत लाकूड. दर्ग्यात जळतो तो ऊद, आपली उदबत्ती त्याच्यावरूनच. आणि अरबांचं तंतुवाद्यही ऊदच. ते अल-ऊद स्पेनमध्ये गेलं, तिथे 'लाउद' झालं. एवढ्या थोर वाद्याचं नाव नुसतं लाकूड. कुठल्या जंगलातलं, किती दुर्मीळ, हे नावात नाही.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंद आहे. पण मानांकन गावाला मिळतं. जवारी कुणी लावली हे त्यावर लिहीत नाहीत. माझी मागणी साधी आहे. चौदा लाखांची पत्रकं छापणाऱ्यांनी त्यात पाचवं पान घालावं. फळी किती दिवस कुणाच्या हातात होती, आणि चौदा लाखांतले किती त्याच्या हातावर पडले, एवढंच त्यावर लिहावं. मिरजेच्या तंबोऱ्यासोबतही तसं पान द्यावं, आणि ते मराठीत आणि उर्दूत असावं. भाषांतर मी फुकट करून देईन.