सुरांचा मेळ आणि दाराची कडी

गाणे हे गाणे असते, त्यात न्याय-अन्यायाची भांडणे आणू नयेत, असे सांगणारी सज्जन मंडळी प्रत्येक समाजात भेटतात. चार घटका एकत्र यावे, खावे-प्यावे, गावे आणि प्रसन्न मनाने घरी जावे. एवढ्यासाठी कुणी कुणाला जाब का विचारावा, असा त्यांचा सवाल असतो. हा सवाल वरवर निरुपद्रवी दिसतो. आम्ही मात्र तो तसा मानत नाही. का मानत नाही, हे अमेरिकेतील एका गाणाऱ्या मंडळाच्या इतिहासावरून सांगू इच्छितो.

अमेरिकेत 'बार्बरशॉप' नावाची एक गायनपद्धती आहे. न्हाव्याच्या दुकानात जमलेल्या मंडळींनी मिळून गाण्याच्या जुन्या रिवाजाशी हे नाव जोडलेले आहे. साथीला वाद्य नाही. फक्त चार आवाज. 'लीड' मूळ चाल गातो, 'टेनर' तिच्या वर हलकेच तरंगतो, 'बास' पाया धरतो आणि 'बॅरिटोन' उरलेल्या जागा भरतो. बॅरिटोनचा भाग एकटा ऐकला तर त्यात धड चालही सापडत नाही. पण तो नसेल तर बाकी तिघांचे गाणे पोकळ वाटते. चारही स्वर नेमके जुळले की कुणीच न गायलेला एक वरचा स्वर खणखणू लागतो. उत्तम जुळलेल्या तंबोऱ्यातून स्वयंभू गंधार ऐकलेल्या आपल्या वाचकांना याचे नवल वाटणार नाही.

या गायनाचे वेड असलेल्यांची संध्याकाळ मोठी लोभस असते. जाहीर कार्यक्रम संपल्यावर मंडळी पुन्हा जमतात. सूर्यास्तानंतर रेंगाळणाऱ्या प्रकाशावरून या बैठकीला 'आफ्टरग्लो' म्हणतात. खाणेपिणे होते, थट्टामस्करी होते आणि कोपऱ्याकोपऱ्यांत चौघाचौघांचे गाणे सुरू होते. गाण्याच्या शेवटच्या चार-दोन ओळींच्या तुकड्याला 'टॅग' म्हणतात. एखादा जाणकार तो अनोळखी माणसाला जागच्या जागी शिकवतो आणि पाच मिनिटांपूर्वी एकमेकांची नावेही ठाऊक नसलेले चौघे एका स्वरात विरघळून जातात. या आनंदाबद्दल आमची मुळीच तक्रार नाही. उलट, तो इतका खरा आहे म्हणूनच पुढचा प्रश्न टाळता येत नाही: या चौघांत उभे राहण्याचा अधिकार कुणाला होता?

11 एप्रिल 1938 रोजी ओक्लाहोमा राज्यातील टल्सा शहरात ओ. सी. कॅश या करविषयक वकिलाने आणि रूपर्ट हॉल या त्याच्या मित्राने अशीच एक संध्याकाळ योजली. टल्सा क्लबच्या गच्चीवर 26 जण जमले. त्यातून जे मंडळ उभे राहिले, त्याच्या लांबलचक नावात या गायनाचे 'जतन' आणि 'उत्तेजन' हे दोन शब्द मुद्दाम घातले होते. नाव थट्टेने ठेवलेले होते. जतनाची हौस मात्र खरी होती.

पण जतन कशाचे? जेम्स वेल्डन जॉन्सन या कृष्णवर्णीय साहित्यिकाने 1925 मध्येच लिहून ठेवले होते, की दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या न्हाव्याच्या दुकानांत अशी चौकडी हटकून असे आणि हा मेळ तिथलाच. लुई आर्मस्ट्राँग पोरवयात न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर अशाच चौकडीत गात असे. पुढे 1992 मध्ये लिन ॲबट या संशोधकाने या उगमाचे पुरावे साधार मांडले. म्हणजे ज्यांच्या ओसरीवर हे गाणे वाढले, त्यांनाच जतन करणाऱ्यांच्या घरात प्रवेश नव्हता. आणि शहर कोणते? टल्सा! अवघ्या सतरा वर्षांपूर्वी, 1921 मध्ये, याच शहरातील ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची भरभराटलेली वस्ती गोऱ्या जमावाने जाळून बेचिराख केली होती. गच्चीवर जमलेल्या 26 जणांनी ती आग लावली, असे आम्ही म्हणत नाही. पण 'जुने गोड दिवस' आठवताना काय विसरले जाते, हे विचारणे आमचे कर्तव्य आहे.

1941 मध्ये ही कडी उघड वाजली. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकावरील हमालांची 'ग्रँड सेंट्रल रेड कॅप्स' ही चौकडी शहराची स्पर्धा जिंकली. आपल्याकडच्या हमालांचा लाल डगला, तशी त्यांची लाल टोपी. सेंट लुईस येथील राष्ट्रीय स्पर्धेत मात्र त्यांना गाऊ दिले गेले नाही. कारण एकच: कातडीचा रंग. त्यावर दोन प्रतिष्ठित सभासदांनी राजीनामे दिले. एक रॉबर्ट मोझेस. त्यांच्या इतर कारभारावर याच बाबतीत पुढे कठोर टीका झाली, तेव्हा त्यांना संत ठरवण्याचे कारण नाही. दुसरे अल स्मिथ. न्यूयॉर्कचे माजी गव्हर्नर आणि 1928 मध्ये प्रमुख पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिलेले पहिले कॅथलिक. त्या निवडणुकीत त्यांच्या धर्मावरून केवढे विष ओकले गेले होते! दार तोंडावर बंद होणे म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवण्याची गरज नव्हती.

'काळच तसा होता,' असे यावर उत्तर मिळते. आम्ही विचारतो, अल स्मिथ कोणत्या काळात जगत होते? स्त्रियांच्या 'स्वीट ॲडलाइन्स' या मंडळाने 1958 मध्ये सभासदत्व गोऱ्या स्त्रियांपुरते ठेवण्याचा नियम केला, तेव्हा काही शाखा बाहेर पडल्या आणि 1959 मध्ये त्यांनी 'हार्मनी इन्कॉर्पोरेटेड' हे वेगळे मंडळ उभारले. त्या स्त्रिया कोणत्या काळातल्या? काळ सर्वांना सारखाच मिळतो. कडी काढायची की लावायची, हे माणूस ठरवतो. पुरुषांच्या मंडळाने कृष्णवर्णीयांसाठी दार उघडले ते 1963 मध्ये, स्त्रियांसाठी 2018 मध्ये. उशिरा का होईना, उघडले. त्याचे स्वागतच आहे. पण लाल टोपीवाल्या चौघांची 1941 ची संध्याकाळ त्यांना कोण परत देणार?

हे सारे परक्यांचे उणे काढण्यासाठी आम्ही लिहिलेले नाही. 1963 सालीच व्हॅटिकन महासभेने उपासनेत सर्व भाविकांच्या सक्रिय सहभागाचा आग्रह धरला. आणि 2016 मध्ये भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेला दलित सक्षमीकरणाचे धोरण काढून कबूल करावे लागले, की जातिभेद ख्रिस्तसभेच्या आतही आहे. सभेत आलेल्या श्रीमंताला मानाची जागा आणि गरिबाला पायाशी बसवणाऱ्यांना संत याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात फटकारले, ते काही अमेरिकेच्या पत्त्यावर नव्हे. आपल्या धर्मग्रामाच्या गायकवृंदात कोण उभे असते, सणाच्या जेवणाचे आमंत्रण कुणाच्या घरी जात नाही, बाहेरगावाहून पोटासाठी आलेल्या कुटुंबाला 'आपल्यातले' म्हणायला आपण किती वर्षे घेतो, याची उत्तरे आम्हांला आमच्याच अंगणात शोधली पाहिजेत.

सुखाच्या संध्याकाळीच माणूस कुणाला जवळ घेतो आणि कुणाला नाही, हे खरे कळते. दुःखात तर शेजारीही धावून येतात. म्हणून पुढच्या सणाला गाणे सुरू करण्यापूर्वी एकदा दाराकडे पाहू या. बाहेर कुणी उभे असेल, तर आधी कडी काढू आणि मग सूर लावू.