विसरण्याची विद्या

दुकानातील गुळाच्या ढेपेकडे निघालेली मुंग्यांची रांग आपण नित्य पाहतो. तिला पुढारी नसतो, नकाशाही नसतो. तरीही जवळची वाट तिला सापडते, ती कशी?

१९८९ मध्ये ब्रुसेल्सच्या संशोधकांनी वारूळ व अन्न यांच्यामध्ये एक आखूड व एक लांब अशा दोन वाटा ठेवल्या. मुंगी चालताना मागे गंध सोडते. आखूड वाटेने गेलेल्या मुंग्या लवकर परतल्या, तेथील गंध आधी दाट झाला आणि बहुतेक मुंग्या त्याच वाटेला लागल्या. प्रयोगाचा दुसरा भाग अधिक बोधप्रद आहे. प्रथम केवळ लांब वाट दिली व ती रुळल्यावर आखूड वाट खुली केली. तेव्हा मुंग्या जुन्याच वाटेने चालत राहिल्या, कारण तिच्यावरील गंध लवकर विरत नव्हता.

मार्को डोरिगो यांनी १९९२ मध्ये मिलान येथील प्रबंधात मुंगीची ही रीत गणितात आणली. मात्र त्यांनी गंध सतत विरत राहील अशी योजना केली. मुंगीचा गुण घेतला, उणीव भरून काढली.

त्याचे मोल संकटकाळी कळते. भूकंपात मोबाइलचे मनोरे कोसळले, तर मदत पथकांच्या यंत्रांना एकमेकांचे निरोप हातोहात पुढे द्यावे लागतात. माणसे हलतात, बॅटरी संपते. घटकेपूर्वीची वाट आता उरलेली नसते. अशा जाळ्यांसाठी जियानी दी कारो व सहकाऱ्यांनी स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे ‘अँटहॉकनेट’ ही पद्धत रचली. तीत छोटे टेहळे संदेश वाट शोधत जातात आणि परतताना प्रत्येक यंत्रात त्या वाटेच्या गुणाचा आकडा नोंदवतात. शेजारचे यंत्र गप्प झाले की त्याची नोंद काढून टाकली जाते व निरोप दुसऱ्या वाटेने जातो. टेहळे मात्र बेताने पाठवावे लागतात, अन्यथा तेच बॅटरी संपवतात आणि निरोपांची वाट अडवतात.

पेढीवर बसणाऱ्यास हे तत्त्व अपरिचित नाही. दिवाळीला आपण नवी वही घालतो. जुनी वही जपून ठेवतो, परंतु आजचा व्यवहार आजच्या नोंदीवर करतो. आठवण ठेवणे जितके आवश्यक, तितकेच वेळेवर विसरणेही. ढिगाऱ्याखालून निघालेली हाक योग्य जागी पोहोचणे कधी त्यावरच अवलंबून असते.