कालव्याच्या काठची वाट खचतेय, नुसता मुरूम टाकून भागेल का?

रब्बीचं पहिलं आवर्तन सुटलं की कालव्याकाठच्या गावांत एक तक्रार ठरलेली असते. काठावरची वाट बसली. ट्रॅक्टर एका अंगाला कलतो, मळ्यातली पोरं शाळेला जाताना खड्ड्याच्या कडेनं जीव मुठीत धरून चालतात. मग ट्रॉलीभर मुरूम येतो, खड्डा बुजतो, फोटो निघतो. पुढच्या आवर्तनाला तिथंच पुन्हा खड्डा.

कारण खड्डा वर दिसतो, दुखणं खाली असतं. घुशी, उंदीर, खेकड्यांची बिळं किंवा झाडाची कुजलेली मुळं, यांतून पाणी वाट काढतं. जाताना बारीक माती घेऊन जातं. आत पोकळी होते आणि एक दिवस वरची वाट खाली बसते.

ही गोष्ट फक्त वाटेची नाही. जी वाट आहे, तीच कालव्याचं पाणी अडवणारी भिंत आहे. 27 सप्टेंबर 2018 ला पुण्यात दांडेकर पुलाजवळ मुठा उजवा कालवा फुटला आणि पाणी वस्तीत घुसलं. घुशी-खेकड्यांनी भराव पोखरला, असं तेव्हाच्या जलसंपदामंत्र्यांनी सांगितलं. त्यावर लोक हसले. पण बिळाचा बोगदा एका रात्रीत होत नाही, भराव आधी इशारे देतो.

मग जेसीबी लावून खोदायचं का? पाणी चालू असताना तर नाहीच, भिंतच पातळ होते. कालवा कोरडा असतानाही नवी माती थराथरानं, योग्य ओलीवर दाबली नाही, तर जुन्या-नव्या मातीच्या सांध्यातून पाणी परत वाट काढतं.

न खोदता करायचा उपाय म्हणजे ग्राउटिंग. धरणाच्या पायात हे काम नेहमी होतं. वाटेवरून ठरावीक अंतरावर बारीक भोकं पाडायची आणि पाइपानं सिमेंट व बेंटोनाइट मातीचा पातळ काला कमी दाबानं आत सोडायचा. पोकळी भरत जाते. नुसतं सिमेंट कडक होतं, मातीचा भराव हलला की त्याला चीर पडते, म्हणून बेंटोनाइट लागतं. दाब वाढला तर भरावच फाटतो. त्यामुळे हे काम जाणकाराचं, गावकीनं हौसेनं करायचं नाही.

आणि हा सगळ्यावरचा इलाजही नव्हे. काळ्या मातीचा भराव फुगून-आकसून घसरत असेल तर ग्राउटिंगनं थांबत नाही. तिथं उतार कमी करणं, पायथ्याला दगडी पिचिंग, वाळ्याची लागवड असे उपाय लागतात.

गावानं एवढं जरूर पाहावं. भरावाच्या बाहेरच्या पायथ्याला ओल आहे का? पाझर नितळ असेल तर लक्ष ठेवा. गढूळ असेल तर आतून माती चाललीय, त्याच दिवशी कळवा. तो पाझर चिखलानं लिंपू नका, कोंडलेलं पाणी दुसरीकडून फुटेल. मदत येईपर्यंत त्यावर आधी वाळू, मग खडी टाकावी. पाणी निघतं, माती अडते.

मुख्य कालव्यासाठी जलसंपदा विभागाच्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्यावा, किलोमीटर दगडाचा आकडा आणि तारखेसह फोटो जोडावा, पोच घ्यावी. 2005 च्या कायद्याखाली पाणी वापर संस्थेकडे दिलेल्या वितरिकेची देखभाल संस्थेनंच पाहायची असते.

दोन आवर्तनांमधले कोरडे दिवस हीच कामाची वेळ. पुढच्या ग्रामसभेत एकच प्रश्न विचारला तरी पुरे: एकाच खड्ड्यात आजवर किती ट्रॉली मुरूम गेला?