अपुऱ्या पुराव्यावर कुळ ठरवू नये

जी भाषा बोलणारे आज कोणी हयात नाही, जिच्यात एखादी कथा, एखादे गाणे किंवा साधा खलिताही मागे उरलेला नाही, आणि जिच्या नावे परक्यांनी घाईघाईने टिपलेल्या शब्दांच्या दोनचार याद्याच काय त्या दफ्तरी जमा आहेत, अशा भाषेचे कुळ कोणते, हा प्रश्न वरवर पाहता मूठभर पंडितांच्या जिज्ञासेपुरता वाटतो. परंतु त्याचे जे उत्तर आपण देऊ त्यावर एका उद्ध्वस्त समाजाचे इतिहासातील स्थान ठरणार असल्यामुळे तो जितका शास्त्राचा तितकाच न्यायाचाही प्रश्न आहे. पुरावा अपुरा असेल तेथे निकाल राखून ठेवावा, हे न्यायासनाचे शिस्तीचे वर्तन आपण मानतो. भाषाशास्त्रानेही तेच मानावे, अशा भाषांपुढे ‘अवर्गीकृत’ हा शेरा लिहिताना संकोच करू नये, आणि त्या शेऱ्याची कारणे वाचकांपुढे उघडपणे मांडावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

कॅनडाच्या पूर्व टोकाला असलेल्या न्यूफाउंडलंड बेटावरील बिओथुक लोकांची भाषा हे या बाबतीतील मोठे बोधप्रद उदाहरण होय. समुद्रकिनाऱ्यावरील सामन मासा आणि सील यांवर ज्यांची उपजीविका चाले असे हे लोक, युरोपीय मासेमारांनी व वसाहतवाल्यांनी किनारा बळकावल्यावर बेटाच्या अंतर्भागात रेटले गेले, आणि उपासमार, चकमकी व क्षयरोग यांच्या तडाख्यात त्यांची संख्या झपाट्याने घटत गेली. त्यांच्या भाषेचे जे काही आपल्या हाती आहे ते मुख्यतः तीन बंदिवानांच्या मुखातून आलेले आहे: अठराव्या शतकाच्या अखेरीस पकडून नेलेली ऊबी नावाची मुलगी, मार्च १८१९ मध्ये गोठलेल्या सरोवराच्या काठी नवऱ्याचा वध होऊन स्वतः कैद झालेली आणि पुढच्याच जानेवारीत मृत्यू पावलेली डेमासडुइट, जिच्याकडून जॉन ली या धर्मोपदेशकाने शब्दांची यादी करून घेतली, आणि १८२३ साली आई व बहिणीसह वसाहतवाल्यांच्या हाती लागलेली शानॉडिथिट. या तिसरीची आई आणि बहीण थोड्याच दिवसांत वारल्या, ती स्वतः पाच वर्षे एका वसाहतवाल्याच्या घरी राबली, आणि १८२८ च्या शरद ऋतूत तिला सेंट जॉन्स शहरी विल्यम कॉर्मॅक या शोधप्रवाशाकडे आणण्यात आले तेव्हा कोठे तिच्या लोकांविषयी तिला पद्धतशीरपणे विचारले गेले. वाळवलेला सामन, सीलची चरबी असे आपल्या लोकांचे अन्नपदार्थ, त्यांची घरे, सरोवराकाठी घडलेला तो वध हे सारे तिने कागदावर रेखून दाखवले, आणि त्या चित्रांच्या बाजूला कॉर्मॅकने शब्द व टिपणे लिहिली. हे काम काही महिनेच चालले. जानेवारी १८२९ मध्ये कॉर्मॅक बेट सोडून गेला, आणि ६ जून १८२९ रोजी शानॉडिथिट क्षयाने मृत्यू पावली.

या साऱ्या खटाटोपातून सुमारे ४०० नोंदी उरल्या, आणि पुनरुक्ती वजा घातली तर भिन्न शब्द त्याहूनही कमी भरतात. वाक्यरचना नाही, क्रियापदांची रूपावली नाही, संभाषण नाही. ज्यांनी हे शब्द टिपले त्यांना ध्वनिलेखनाचे शिक्षण नव्हते. इंग्रजी कानांना जे ऐकू आले ते त्यांनी इंग्रजी वर्णांत उतरवले, त्या याद्यांच्या नकला झाल्या, आणि नकलेगणिक एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर शिरत गेले. त्यातही प्रश्न विचारण्याच्या रीतीत एक अडचण दडलेली असते. उत्तर अमेरिकेतील अल्गॉनक्वियन भाषांत शरीराच्या अवयवांची नावे सहसा सुटी येत नाहीत. ‘माझे’, ‘तुझे’, ‘त्याचे’ हा अर्थ दाखवणारे प्रत्यय त्यांना आरंभी जडलेले असतात. अशी भाषा बोलणाऱ्या स्त्रीपुढे विचारणाऱ्याने स्वतःच्या नाकावर बोट ठेवले, तर ती ‘तुझे नाक’ म्हणेल, आणि लिहिणारा त्या सबंध रूपापुढे ‘नाक’ एवढेच लिहून मोकळा होईल. जिच्या कुळाचाच निर्णय व्हायचा आहे अशा भाषेच्या यादीत हे असे झाले किंवा नाही, याची रुजवात दोनशे वर्षांनंतर कोणाशी घालायची?

एवढ्या तुटपुंज्या साधनांवर पंडितांनी जे निकाल दिले त्यांचा इतिहास पाहिला म्हणजे माझ्या म्हणण्याचे मर्म ध्यानी येईल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रॉबर्ट लॅथम याने बिओथुक भाषेला अल्गॉनक्वियन कुळात घातले. १८८५ ते १८९० या काळात अल्बर्ट गॅट्शेट याने त्याच याद्यांची छाननी करून ती स्वतंत्र कुळाची ठरवली, आणि १८९१ साली जॉन वेस्ली पॉवेल याच्या सुप्रसिद्ध वर्गीकरणात तिला स्वतंत्र कुळाचा मान मिळाला. १९२९ मध्ये एडवर्ड सपीर याने तिला पुन्हा अल्गॉनक्वियन भाषांच्या शेजारी बसवले, मात्र तिच्यापुढे प्रश्नचिन्ह लावण्याचा प्रामाणिकपणा त्याने दाखवला. १९६८ साली जॉन ह्यूसन याने ध्वनींचे परस्परसंबंध मांडून अल्गॉनक्वियन नात्याचा दावा नव्याने केला, आणि आइव्ज गॉडर्ड याने १९७९ मध्ये त्याविषयी गंभीर शंका उपस्थित केली. शतकाहून अधिक काळात मूळ सामग्रीत म्हणण्यासारखी भर पडली नाही. निकाल तेवढे पालटत गेले. ज्या पुराव्यावरून सारख्याच अधिकाराचे विद्वान परस्परविरुद्ध निष्कर्षांना पोहोचतात, तो पुरावा निर्णयास पुरेसा नाही, हेच त्यातून सिद्ध होते.

दोन भाषांतील काही शब्द सारखे दिसले म्हणून त्या सगोत्र ठरत नाहीत. ते साम्य योगायोगाचे असेल, ध्वन्यनुकारी शब्दांचे असेल, किंवा शेजाराने आलेल्या उसनवारीचे असेल. आणि मिकमाक व इन्नू या अल्गॉनक्वियन भाषा बोलणाऱ्या लोकांच्या सान्निध्यात राहणाऱ्या बिओथुकांच्या बाबतीत ही तिसरी शक्यता विशेष बलवत्तर आहे. रक्ताचे नाते सिद्ध होते ते अनेक शब्दांतून नियमितपणे आढळणाऱ्या ध्वनिसंवादांनी, आणि त्याहूनही व्याकरणाच्या अंगातील खोल साम्याने. जेथे व्याकरण जवळजवळ नोंदलेच गेले नाही तेथे भाषेला जवळच्या मोठ्या कुळात दाखल करणे म्हणजे बेवारस जमीन शेजारच्या बड्या खातेदाराच्या नावावर चढवण्यासारखे आहे. आणि एकदा तशी नोंद झाली की नकाशे व पाठ्यपुस्तके तीच गिरवीत राहतात.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, तर्क करायचाच नाही म्हटले तर शास्त्र पुढे जाणार कसे? तर्काला माझा मुळीच विरोध नाही. तर्काने निकालाची वस्त्रे धारण करू नयेत, इतकेच. टास्मानियाच्या आदिवासी भाषांच्या बाबतीत हे दोन्ही प्रकार घडलेले दिसतात. १९७१ साली जोसेफ ग्रीनबर्ग याने टास्मानिया, न्यू गिनी आणि आपल्या अंदमानातील भाषा एकाच महाकुळात गोवल्या. शब्दांच्या वरवरच्या साम्यावर उभारलेला तो डोलारा तज्ज्ञांना मान्य झाला नाही. उलट २०१२ साली क्लेअर बॉवर्न यांनी त्याच बेटावरील विस्कळीत शब्दयाद्यांना झेपेल एवढाच प्रश्न विचारला, की या याद्यांत मुळात भाषा किती आहेत. आणि संख्याशास्त्राच्या साहाय्याने १२ भाषा व त्यांचे पाच समूह त्यांनी वेगळे काढून दाखवले. पुराव्याची कुवत ओळखून प्रश्न विचारणे यालाच मी शास्त्र म्हणतो. आणि त्या याद्यांना वारसही आहेत: टास्मानियातील आजचे आदिवासी त्यांच्याच आधारे ‘पलावा कानी’ ही भाषा घडवून आपल्या मुलांना शिकवीत आहेत.

पुन्हा बिओथुकांकडे वळू. शानॉडिथिटच्या मृत्यूनंतर तिची कवटी लंडनला पाठवून तेथील वैद्यकीय संग्रहात जपून ठेवण्यात आली आणि दुसऱ्या महायुद्धातील बाँबवर्षावात ती नष्ट झाली. जिच्या अस्थींची एवढी निगा राखली तिच्या तोंडची वाक्ये पुरेशी उतरून घ्यावीत, हे ती हयात असताना कोणाला सुचले नाही. आणि त्या चुकीची भरपाई आज कितीही बुद्धिवैभव खर्च केले तरी व्हायची नाही.

महाराष्ट्राशी या प्रश्नाचा थेट संबंध आहे. बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद भागात आणि लगतच्या मध्य प्रदेशात निहाली ही भाषा आजही बोलली जाते. १९०६ च्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या खंडात अल्पशा नमुन्यावरून तिला मुंडा कुळाकडे झुकवण्यात आले. पुढे अधिक सामग्री मिळाल्यावर, विशेषतः भाषाशास्त्रज्ञ कायपर यांच्या १९६२ च्या अभ्यासानंतर, तिच्या शब्दसंग्रहातील कोरकू, द्रविड व आर्य थर बाजूला केल्यावरही कोणत्याच कुळात न बसणारा गाभा उरतो, हे मान्य होत गेले. तिच्या बाबतीत जुना शेरा दुरुस्त करता आला, कारण ती बोलणारी माणसे विचारायला होती. परंतु आता ती दोनएक हजारांच्याच आसपास उरली आहेत, आणि १०,००० हून कमी भाषकांच्या भाषा जनगणनेच्या तक्त्यात स्वतंत्र येत नसल्याने सरकारदरबारी त्यांची दखलही नीटशी घेतली जात नाही. म्हणून सरकारने आणि विद्यापीठांनी निहालीचे नुसते शब्द न गोळा करता कथा, भांडणे, सौदे, अंगाईगीते यांचे ध्वनिमुद्रण त्या लोकांच्या संमतीने व सहभागाने हाती घ्यावे, सांगणाऱ्यांची नावे त्यांच्या इच्छेनुसार नोंदवावीत, आणि त्या नोंदींवर पहिला हक्क त्यांच्याच मुलाबाळांचा राहील अशी तजवीज करावी. बिओथुक भाषेचा निकाल राखून ठेवण्यावाचून आपल्याला गत्यंतर नाही; निहालीच्या बाबतीत तशी पाळी आली, तर तो दोष पुराव्याचा नसून सर्वस्वी आपला असेल.